विनिफ्रेडबाईंची शीव

आयुष्यात मी एकाच माणसावर अगदी मनापासून जळले, आणि त्या बाईंचं वय तेव्हा सत्त्याहत्तर होतं. लोक जावेवर जळतात, बढती मिळालेल्या मैत्रिणीवर जळतात. माझ्या वाट्याला आल्या विनिफ्रेडबाई. आखूड कापलेले पांढरे केस, गुडघ्याखाली येणारा तपकिरी स्कर्ट, पायांत पुरुषी बूट आणि हातात एक सालीसकट काठी. काठी टेकायला नव्हती, बाई ताठ चालायच्या. ती मारायला होती.

माणसांना नव्हे, वस्तूंना. बुइटनव्हेल्डर्ट नावाच्या एका डच उपनगरातल्या आमच्या इमारतीत एका मजल्यावरच्या सगळ्या घरांची दारं एका लांब उघड्या गॅलरीत उघडायची, आणि आमच्या शेजारचं दार त्यांचं. रोज सकाळी न्याहारी करून बाई खाली उतरायच्या आणि आमच्या वस्तीला एक फेरी घालायच्या. रिकाम्या बाटल्या टाकायचा हिरवा डबा आला की त्यावर काठीचा एक फटका. सायकली ठेवायची शेड आली, फटका. सायकली ठेवायची शेड आली, फटका. प्रत्येक ठिकाणी क्षणभर थांबून तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायच्या आणि पुढे निघायच्या. मी नवीन होते, म्हणून पलीकडच्या डच शेजाऱ्याला विचारलं की या असं का करतात. तो खांदे उडवून म्हणाला, "त्या इंग्लिश आहेत." त्याच्या मते तेवढ्यात सगळं आलं.

बाई दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षांनी एका डच इंजिनियरशी लग्न करून इकडे आल्या होत्या. मूलबाळ नाही, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. डच अस्खलित बोलायच्या, पण अशा थाटात की जणू ती भाषा त्यांनी काही दिवसांपुरती उसनी घेतली आहे आणि धुऊन परत करायची आहे. इंग्लंडमध्ये जवळचं कोणी उरलं नव्हतं. उरलं होतं ते त्यांचं गाव, लिटल हॅझलकोट, आणि तेसुद्धा त्यांच्या डोक्यात.

आम्ही तिथे राहायला आलो ते दोन हजार चारच्या उन्हाळ्यात. मी एका बँकेत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करत होते, आणि माझा नवरा मिलिंद रोज गाडीने द हेगला जायचा. पहिल्या दिवाळीत मी बाईंकडे बेसनाचे लाडू घेऊन गेले. त्यांनी लाडू हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

मी म्हटलं, पुण्याची.

"ते शहर झालं. मी गाव विचारलं."

मी सांगितलं की वडील बँकेत होते, दर तीन वर्षांनी बदली. सोलापूर, नागपूर, सातारा, मग पुणे. असं एक गाव काही नाही.

"म्हणजे तुम्हाला शीवच नाही," बाई म्हणाल्या. एखाद्याकडे घरात फ्रीज नाही हे कळल्यावर आपण जशा आवाजात बोलतो, तशा आवाजात. मला ते झोंबलं. त्यांचं गाव होतं आणि माझं नव्हतं, आणि हे त्यांनी मला माझेच लाडू खाता खाता सांगितलं.

त्यानंतर मी त्यांच्याकडे का जायचे, ते माझं मला कळायचं नाही. त्यांचा चहा काळाकुट्ट, बिस्किटं सादळलेली. पण हॅझलकोटच्या गोष्टी ऐकाव्यात तर त्यांच्याकडून. त्या गोष्टींत कोणी मेलेलंच नसे. "लोहार टॉम फार कजाग माणूस आहे," असं त्या म्हणायच्या, आणि नंतर कधीतरी कळायचं की टॉम लोहाराला पुरून अर्धशतक होत आलंय. रस्ता सांगतानाही तेच. "बेकरीच्या कोपऱ्यावर वळलीस की चर्च दिसतं," आणि बेकरी बाईंच्या लहानपणीच जळून गेलेली. तरीही त्या गावात मला कुठेही सोडलं असतं तरी मी चर्चपर्यंत पोचले असते. पुण्यात मी दहा वर्षं राहिले, पण माझ्या कॉलनीच्या मागच्या गल्लीत काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

त्यांची सगळ्यांत आवडती गोष्ट एका घराची होती. ते घर हॅझलकोट आणि शेजारच्या गावाच्या बरोबर शिवेवर बांधलेलं. स्वयंपाकघर हॅझलकोटात, झोपायची खोली शेजारच्या गावात. त्या काळी गरिबाला पोसायची जबाबदारी ज्या गावात तो जन्मला त्या गावावर पडायची, त्यामुळे कोण कुठे जन्मतं याकडे दोन्ही गावांचा डोळा असे. त्या घरातल्या गरोदर बाईला कळा सुरू झाल्या तशी हॅझलकोटची सुईण म्हणाली, चल झोपायच्या खोलीत. शेजारच्या गावची सुईण म्हणाली, चूल इथे आहे, ऊब इथे आहे, ही इथेच राहील. दोघींनी त्या बिचारीला दोन्ही हातांना धरून ओढलं. शेवटी पोर जन्मलं ते उंबरठ्यावर. "डोकं हॅझलकोटात आलं आधी," बाई अभिमानाने सांगत. "ती माझी आजी."

आणि दुसरी गोष्ट त्या काठीची. त्यांच्याकडे दरवर्षी वसंतात गावची मंडळी पाद्रीबुवांना पुढे घालून गावाच्या शिवेवरून पायी फिरायची. हातात ओल्या फांद्यांच्या काठ्या, आणि शिवेवरच्या प्रत्येक दगडाला, झाडाला त्या काठ्यांनी झोडपायचं. नकाशे नव्हते तेव्हापासूनची पद्धत. सोबत लहान मुलगे न्यायचे आणि प्रत्येक दगडापाशी एकेकाला उलटं धरून त्याचं डोकं दगडावर हलकं आपटायचं, म्हणजे म्हातारा झाला तरी तो ती जागा विसरत नाही. मुली न्यायची रीत नव्हती. पण लढाईच्या दिवसांत शत्रू उतरला तर त्याला वाट कळू नये म्हणून रस्त्यांवरच्या गावांच्या पाट्या काढून टाकल्या होत्या, पुरुष सगळे लढाईवर होते आणि मुलगे कमी पडत होते. पाद्रीबुवा म्हणाले, आता गाव कुठे संपतं ते फक्त आपल्या डोक्यात राहणार, तेव्हा मिळेल ते डोकं चालेल. असं विनिफ्रेडबाईंचं डोकं दगडांवर आपटलं गेलं. एका ठिकाणी शीव ओढ्यातून जायची, तिथे दगड नव्हता म्हणून त्यांना ओढ्यात फेकलं.

"आपटलं म्हणून राहिलं," त्या म्हणायच्या. हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. शेजाऱ्याचा मुलगा फुटबॉल खेळताना पडला तरी हेच, आमच्या बँकेत माझं प्रेझेंटेशन साफ कोसळलं तरी हेच.

घरी येऊन मी हे सगळं मिलिंदला सांगायचे, आणि सांगता सांगता माझा आवाज चढायचा. तो एकदा म्हणाला, "तू जळतेस की काय त्यांच्यावर?" मी म्हटलं, मी कशाला जळू. आणि जोरजोरात भांडी घासली.

खरं जळणं पुढेच होतं. पुढच्या एप्रिलमध्ये माझी आई आली.

आईबद्दल एवढंच सांगते की ती मला कधी पुरेशी मिळाली नाही. लहानपणी ती बाबांच्या बदल्यांची होती, सामान बांधणारी आणि सोडणारी. मग आजारी सासूची. बाबा गेल्यावर दादाकडे राहायला गेली ती त्याच्या मुलांच्या डब्यांची झाली. फोनवर बोलताना मागे कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या आणि ती म्हणायची, थांब हं, गॅस बारीक करते. तीन महिन्यांचा व्हिसा मिळाला तेव्हा मला वाटलं, आता हे तीन महिने माझे. मी सुट्ट्या आखल्या. ट्युलिपच्या बागा, बोटीतून फेरी, संध्याकाळी दोघींनीच बसून चहा. तिला काय काय विचारायचं तेही ठरवलं होतं, आणि काय विचारायचं ते नेमकं कळत नव्हतं.

आली त्याच्या दुसऱ्या सकाळी ती गॅलरीत उभी होती. स्वेटरवर माझं जाकीट, डोक्याला रुमाल. मी ऑफिसला निघत होते. खाली विनिफ्रेडबाईंची फेरी चालली होती. हिरव्या डब्याला फटका, थांबणं, पुटपुटणं. आई कठड्यावरून वाकून बघत राहिली, आणि मग अगदी सहज म्हणाली, "वैशू, ही बाई शीव बांधतेय का गं?"

त्या इमारतीत बाई चाळीसेक वर्षं राहिल्या असतील. कोणी त्यांना विक्षिप्त म्हणायचं, कोणी एकटी म्हणायचं, कोणी फक्त इंग्लिश. मी त्यांच्या गोष्टी तोंडपाठ करून बसले होते, तरी त्या रोज सकाळी नेमकं काय करतात हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्या हॅझलकोटची शीव आमच्या वस्तीवर मांडून रोज तिला फेरी घालत होत्या. आईला ते एका नजरेत कळलं. मी संध्याकाळी बाईंना ते सांगितलं, कौतुक म्हणून. बाईंनी चहाची किटली खाली ठेवली, उठल्या, आमच्या दारावर टकटक केली आणि आईचे दोन्ही हात हातात घेतले.

तिथून आई माझी राहिली नाही.

आईचं इंग्रजी शाळेतलं, नुसती नामं. बाईंना मराठीचा गंधही नाही. पण दोघी आपापल्या भाषेत भरपूर आवाजात बोलायच्या आणि दोघींना सगळं समजायचं. आईने त्यांची विनीताई केली, त्यांनी आईची सुमाटी केली, तिचं नाव सुमती. मी ऑफिसातून यायचे तर घराला कुलूप, आणि शेजारच्या दारातून हसण्याचा आवाज. ट्युलिपच्या बागेला बाई आल्या. बोटीतल्या फेरीलाही आल्या, आणि बोटीत दोघी शेजारी बसल्या, मी मागे एका जपानी कुटुंबाबरोबर. संध्याकाळच्या चहाचं तर विचारूच नका. आई म्हणायची, "विनीताईंकडे झालाय गं. काळाच असतो, पण चांगला लागतो."

एकदा मी पाच नंबरच्या ट्राममधून घरी येत होते आणि खिडकीतून त्या दोघी दिसल्या. पुलावर उभ्या होत्या. आईच्या हातात विनिफ्रेडबाईंची काठी होती. तिने कठड्याला फटका मारला, मग बाईंचा कान पकडून पिळला, आणि दोघी हसत सुटल्या. आई इतकी हसली की तिला कठडा धरावा लागला. मी तिला तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं, आणि ते मला ट्रामच्या काचेतून पाहावं लागत होतं. माझा स्टॉप निघून गेला. पुढच्या स्टॉपवर उतरून चालत आले, तर आईसाहेब घरी पोचून वरणाला फोडणी देत होत्या. मी त्या वरणाला नावं ठेवली.

मग एका पावसाळी शनिवारी मला बोलावणं आलं. आई दारात येऊन म्हणाली, "वैशू, जरा इकडे ये. विनीताईंना नीट सांगायचंय, माझं इंग्रजी पुरत नाही." मला त्यांच्या बैठकीत जागा मिळाली ती अशी, दुभाषी म्हणून. दोघी खुर्च्यांवर, मी मध्ये स्टुलावर.

आईने सांगायला सुरुवात केली आणि मी ते इंग्रजीत सांगू लागले. आईचं माहेर विरवणे, राजापूरच्या आत, खाडीपासून वर. शिमग्यात देवीची पालखी गावाच्या शिवेवरून फिरायची. पुढे गुरव, तो प्रत्येक ठिकाणी थांबून गाऱ्हाणं घालायचा, आणि सगळे मिळून "होय म्हाराजा" म्हणायचे. बायकांनी जायचं नसे. पण आजोबांना मुलगा नव्हता. त्यांनी माझ्या आईच्या वेण्या टोपीखाली खोचल्या, तिला सदरा घातला, खांद्यावर घेतलं आणि अख्खी शीव फिरवली. सगळ्या गावाला माहीत होतं की ही पोर आहे, आणि सगळ्या गावाने माहीत नसल्याचं दाखवलं. प्रत्येक खुणेपाशी आजोबा तिला खाली उतरवायचे, तिचा कान पिळायचे आणि म्हणायचे, ध्यानात ठेव.

मी इंग्रजीत म्हटलं, "तिचा कान पिळायचे." विनिफ्रेडबाई जागच्या उठल्या. "कान! आमच्याकडे डोकं. पण कानही चालेल."

आई खुणांची नावं एका सुरात म्हणत गेली. मी त्यांचं भाषांतर करत गेले आणि माझे कान तापत गेले. मला माहीत असलेली आई म्हणजे सिलिंडर कधी लावला ते कॅलेंडरवर लिहिणारी, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणारी. टोपी घालून बापाच्या खांद्यावर बसलेली ही मुलगी कोण? आणि ती या परक्या बाईच्या हॉलमध्ये येऊन का बसली? माझ्या आईचं लहानपण मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते, आणि तेही दुसऱ्या कोणाला पोचवायला.

घरी आल्यावर मी विचारलं, "हे मला कधीच का नाही सांगितलंस?"

आई पोळ्यांची कणीक भिजवत होती. तिला प्रश्नच विचित्र वाटला. "तुला काय सांगायचं? तू घरची. घरच्या माणसाला कोणी गाव सांगत बसतं का? ते पाहुण्याला सांगतात." आणि कणकेचा गोळा उलटवत म्हणाली, "शिवाय त्यांनी विचारलं."

त्या रात्री मी जेवले नाही. डोकं दुखतंय म्हणाले. आईने बाम लावून दिला, आणि तो विनीताईंनी दिलेला होता.

आई जायच्या आधी दोघींनी वस्तीची रीतसर शीव बांधायची ठरवली. मी त्या दिवशी मुद्दाम लवकर घरी आले. आईने सुरिनामी दुकानातून नारळ आणला होता. फेरी संपवून दोघी पुन्हा हिरव्या डब्यापाशी आल्या, आईने डब्याला हळदकुंकू लावलं, बाईंनी काठी मारली, आणि आईने नारळ फुटपाथच्या कडेवर आपटला. तेवढ्यात नगरपालिकेचा एक माणूस सायकलवरून आला. उतरला, डब्यावरचं कुंकू पाहिलं, करवंट्या पाहिल्या, आणि काय चाललंय म्हणून विचारलं. विनिफ्रेडबाईंनी त्याला त्यांच्या त्या उसन्या डचमध्ये सांगितलं की ही आमची हद्द आहे आणि आम्ही ती दरवर्षी तपासतो, तुमच्या ऑफिसात हे काम कोण करतं? त्याने थोडा विचार केला. मग म्हणाला की त्याला नक्की माहीत नाही. आईने त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. त्याने तो खाल्ला, आभार मानले, आणि जाताना सांगून गेला की करवंट्या ओल्या कचऱ्यात टाका. मी बाजूला नारळाच्या पाण्याची वाटी धरून उभी होते. मला कोणी काही आपटायला किंवा म्हणायला सांगितलं नाही.

विमानतळावर आईने मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, वेळेवर जेवत जा म्हणाली. विनिफ्रेडबाईंपाशी गेली तेव्हा फक्त त्यांचा कान पिळला.

पुढच्या फेब्रुवारीत आई गेली. दुपारी जेवून जरा आडवी झाली ती उठलीच नाही. मी पुण्याला पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. दहाव्याला दादा म्हणाला, आईच्या माहेरी कोणीतरी जाऊन यायला हवं होतं. पण तिथे जायचं कुठे ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. आजोबांच्या मागे आईच्या चुलत्यांनी जमीन विकली होती, घर पडलं होतं. दादाने मला विचारलं, तुला ती काही बोलली होती का गावाबद्दल? मी म्हटलं, हो, बोलली होती. आणि आठवायला गेले तर त्या खुणांपैकी दोनच नावं हाताला लागली. बाकीची त्या शनिवारी मी रागाने ऐकली होती, आणि रागाने ऐकलेलं राहत नाही.

परत आल्यावर मी सामानही न उघडता शेजारच्या दारावर गेले. विनिफ्रेडबाईंना मिलिंदने कळवलं होतं. त्या काळ्या कपड्यांत होत्या. माझ्या बाबांच्या वेळी आई जशी बसली होती, तशाच, हात मांडीवर उपडे ठेवून बसल्या होत्या. मला तेही आवडलं नाही. रडायचा हक्क माझा होता.

मी विचारलं, "आईच्या गावची ती नावं तुम्हाला आठवतात?"

"सगळी," बाई म्हणाल्या.

"मला सांगाल?"

"बसून नाही सांगत. बूट घालून ये."

आम्ही खाली उतरलो. थंडी मरणाची होती, कालव्यावर बर्फाची पातळ साय होती. बाई हिरव्या डब्यापाशी थांबल्या, काठीचा फटका मारला आणि स्पष्ट मराठीत म्हणाल्या, "गांगोचा दगड." उच्चार इंग्रजी, पण सूर आईचा. अगदी तोच, शेवटचं अक्षर किंचित ओढणारा. माझ्या आईचा सूर या बाईच्या घशात होता आणि माझ्या नव्हता.

मग त्यांनी माझा कान पकडला आणि पिळला. चांगला जोरात. "ध्यानात ठेव," हेही मराठीतच.

तेव्हा कळलं की त्या तीन महिन्यांत दोघींनी एकाच वस्तीवर दोन गावं मांडली होती. हॅझलकोट घड्याळाच्या दिशेने, विरवणे उलट दिशेने. मी कित्येक महिने रोज त्यांतून ऑफिसला जात होते. पुलाचा कठडा म्हणजे वहाळाचं, ओढ्याचं तोंड. पुलाला सायकलींसाठी टीचभर उतार होता, ती जांभळीची घाटी. दुकानांसमोरचं सपाट पार्किंग म्हणजे कातळाचा सडा, आणि बाई म्हणाल्या की इथे उन्हाळ्यात अनवाणी चालवत नाही, जणू त्या चालल्या होत्या. सायकलींची शेड म्हणजे मोडका मांगर, गुरांच्या चाऱ्याचं खोपट. शाळेसमोरचे दोन उंच पॉपलर म्हणजे दोन माड. तिथून परत गांगो देवाचा दगड. प्रत्येक ठिकाणी काठी, नाव आणि माझा कान. शेवटी शेवटी कान सुन्न झाला आणि मी ढसाढसा रडत होते. रस्त्यावरच्या बायका सायकली हळू करून बघत होत्या.

"तुझी आई माझा पिळायची," बाई म्हणाल्या. "रोज. तिचे हात कडक होते."

आईने माझा कान लहानपणीसुद्धा कधी पिळला नव्हता. मी तो चोळत घरी आले आणि नावं पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. या खेपेला ती राहिली. बाईंचे मी आभार मानले, मनापासून मानले. पण जळणं काही गेलं नाही. त्यांनी मला माझंच काहीतरी दिलं होतं, आणि ते द्यायला आधी त्यांच्याकडे असावं लागलं होतं.

त्याच वर्षाच्या अखेरीस विनिफ्रेडबाई विसरू लागल्या. प्रथम गॅस, मग किल्ल्या, मग मजला. एकदा त्या पार्किंगमध्ये अनवाणी सापडल्या. नवऱ्याच्या पुतण्याने त्यांना हार्लेमला वृद्धांच्या एका निवासात ठेवलं. त्या गेल्यावर त्यांच्या घरात एक तरुण डच जोडपं राहायला आलं, आणि सकाळी हिरव्या डब्यावर फटका वाजेनासा झाला. एक-दोनदा मी इकडेतिकडे बघून छत्रीने वाजवला.

दोन हजार सातच्या मे महिन्यात मी त्यांना शेवटचं पाहिलं. हार्लेम आमच्यापासून गाडीने फार लांब नाही, तरी मी जाणं पुढे पुढे ढकललं होतं. बेसनाचे लाडू घेऊन गेले. नर्स म्हणाली, त्या कॉरिडॉरमध्ये असतील, दिवसभर फिरत असतात, कोणाला त्रास नाही.

कॉरिडॉर लांब होता, दोन्ही बाजूंना दारं. विनिफ्रेडबाई खूप वाळल्या होत्या, पण पाठ ताठ होती. काठी काढून घेतलेली असावी, कारण त्या प्रत्येक दारावर बोटांच्या पेरांनी ठोकत होत्या. मी जवळ गेले तेव्हा ऐकू आलं. मला वाटलं होतं हॅझलकोट असेल. लोहाराचा कोपरा, ओढा, उंबरठ्यावर जन्मलेल्या आजीचं घर. त्यातलं काहीच उरलं नव्हतं. डोकं आपटून शिकलेलं सगळं गेलं होतं. बाई म्हणत होत्या, "गांगोचा दगड." पुढच्या दाराशी, "वहाळाचं तोंड." त्यापुढच्या दाराशी थांबल्या, ओठ हलले, आणि म्हणाल्या, "मोडका मांगर."

"जांभळीची घाटी," मी म्हणाले. "आधी घाटी, मग सडा, मग मांगर."

त्या वळल्या. माझ्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. ओळख अजिबात नव्हती, पण डोळे लकाकले.

"तुम्ही आमच्या गावच्या का?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

आमच्या, म्हणाल्या. मला भांडावंसं वाटलं. त्या भर कॉरिडॉरमध्ये, ऐंशीला आलेल्या, स्वतःचं नाव विसरू लागलेल्या बाईशी भांडावंसं वाटलं की ते तुमचं नाही, माझं आहे.

"हो," मी म्हणाले. "विरवण्याची."

"मग सुमाटीला ओळखत असाल."

"ओळखते," मी म्हणाले. "तुमच्याइतकी नाही."

विनिफ्रेडबाईंनी समजुतीने मान डोलावली, ते त्यांना मान्य होतं. मग माझा कान एकदा चाचपून पाहिला, आणि पुढचं दार ठोकायला निघाल्या.